एकोणसाठचा पाढा

आमच्या घराला गाडी आमच्याआधी कळायची. फडताळावरचे पितळी पेले एकमेकांना लागून किणकिणायचे, मग चुलीशेजारी उभी करून ठेवलेली भाकरीची काथवट थरथरायची, आणि तेवढ्यात अप्पा हातातला घास ताटात ठेवून उठलेले असायचे. अप्पा म्हणजे माझे वडील, कासारवाडीच्या शिवेवरच्या रेल्वे फाटकाचे गेटमन. फाटकाला लागूनच दोन खोल्यांचं दगडी क्वार्टर होतं आणि त्यात अप्पा, आई, मी आणि माझी धाकटी बहीण मंदा असे आम्ही चौघं राहायचो. अप्पांचं जेवण एका बैठकीत झालेलं मला आठवत नाही. अर्धी भाकरी, चिमूटभर खर्डा, मग एक मालगाडी, मग उरलेली भाकरी. आई म्हणायची, "ह्या माणसाला गाडी लावल्याबिगर घास उतरत न्हाई." अप्पा हसायचे आणि गार झालेलं कालवण पुन्हा मागून घ्यायचे.

मालगाडी हा आम्हा पोरींचा खेळ होता. पिंपरीच्या माळावर तेव्हा औषधांचा कारखाना उभा राहत होता, आणखीही कारखाने येणार अशी बोलणी फाटकावर थांबलेल्या माणसांच्या तोंडी असायची. सिमेंट आणि लोखंड भरलेल्या वाघिणी दिवसभर आमच्या दारावरून जायच्या. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. रेल्वेच्या घरात डबा म्हटलं तर आधी जेवणाचा आठवतो. प्रत्येक वाघिणीच्या अंगावर तिचा लांबलचक नंबर पांढऱ्या रंगात लिहिलेला असायचा. तो दिसला की ओरडायचं, "कोण खातं?" आणि ज्या पाढ्यात तो आकडा पुरता बसतो त्या पाढ्याचं नाव जी आधी घेईल ती जिंकली. मंदा लहान, तिला शेवटचं शून्य आणि पाच एवढंच कळायचं, म्हणून ती येईल त्या वाघिणीला "पाच" म्हणून मोकळी व्हायची आणि पाचातून एकदा जिंकायचीसुद्धा. मी अंकांची बेरीज करून तीन आणि नऊ पकडायची. ज्या आकड्याला कुणीच खात नाही तो सोवळा. सोवळा आकडा आला की दोघींनी कानाच्या पाळ्या धरून गाडीला नमस्कार करायचा, असा नियम मीच केला होता. नियम करायची हौस मला तेव्हापासूनची, घरातल्यांना विचारा.

संध्याकाळी दिवा लागला की परवचा. भिंतीला पाठ टेकून, मांडी घालून, बे एके बेपासून तीस दाहे तीनशेपर्यंत. "तेरा नव्वे सतरोदरसे", "पंधरा अठ्ठे विसासे" हे शब्द आजही मी कपडे वाळत घालताना पुटपुटते आणि शेजारच्या गॅलरीतली सून माझ्याकडे काळजीनं बघते. आई आत भाकरी थापत ऐकायची. तिला अक्षरओळख नव्हती, लिहिलेला आकडाही ओळखता यायचा नाही, पण सगळे पाढे तिच्या कानात बसलेले. आम्ही चुकलो की आतून उलथनं तव्यावर एकदा वाजायचं. चूक कुठली हे ती सांगायची नाही, ती आम्हीच शोधायची. तिच्या लेखी पाढा म्हणजे चाल होती, आणि चाल मोडली की तिला ते खटकायचं.

आता तात्या. तात्या म्हणजे अप्पांचे थोरले भाऊ, चाकणच्या बैलबाजारातले दलाल. नाशिक फाट्यावर मोटारीतून उतरून रुळाच्या कडेकडेनं चालत यायचे, डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं, पायात वाजणारी वहाण. ते आले की आई मासवड्या करायची. बेसनाच्या पोळीत तीळखोबऱ्याचं सारण भरून वळलेली गुंडाळी, तिच्या वड्या, आणि वर डोळ्यांतून पाणी काढणारा रस्सा. तात्या रस्सा वाटीनं नाही, तांब्यानं प्यायचे असं मंदा म्हणायची. त्यांचा धंदा आम्हाला फार आवडायचा, कारण त्यात बोलायचं नसायचं. बैलाची किंमत चारचौघांत उच्चारत नाहीत. दलाल समोरच्याच्या हातावर उपरणं टाकतो आणि खालून त्याची बोटं दाबतो, आधी दशकं, मग हात सोडून सुटे. पाच म्हणजे सगळा पंजा, पाचाच्या वरचे जितके असतील तितकी बोटं पुन्हा. पटलं तर समोरच्यानं तोच आकडा परत दाबायचा, की झाला सौदा. बाजूच्या माणसाला काही कळत नाही. तात्या अप्पांशी हे करून दाखवायचे, पण आम्ही हात पुढे केला की म्हणायचे, "हे बाप्यांचं काम हाय."

तात्यांना तीस पाढे तर यायचेच, वर पावकी, निमकी, दिडकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, तोही झोपेत उठवलं तरी यायचा. त्यांच्या मते परमेश्वरानं जग तीस पाढ्यांच्या आत बसवलं होतं. आणि तेच माझ्या मुळावर आलं. मी गावच्या शाळेतून सातवी पास झाले. पुढचं हायस्कूल चिंचवडला. मला तिथे जायचं होतं. अप्पांची ना नव्हती, पण घरातला कुठलाही मोठा निर्णय तात्यांना विचारल्याशिवाय व्हायचा नाही, आणि तात्यांनी मासवडीचा तुकडा रश्शात बुडवत एका वाक्यात निकाल दिला. "तीस पाढे झाले, पोरीचं शिक्षण पुरं झालं. खेडकडचं एक स्थळ हाय माझ्या डोळ्यापुढं." अप्पा ताटाकडे बघत राहिले. आत उलथनं वाजलं, पण त्या वेळी पाढे कुणीच म्हणत नव्हतं.

नेमक्या त्याच दिवसांत ती वाघीण आमच्या दारात येऊन राहिली. पुण्याकडे चाललेल्या गाडीत तिचा आस तापला, धूर निघाला, तेव्हा तिला तोडून फाटकाजवळच्या बाजूच्या रुळावर ढकलली. तपासायला आलेल्या माणसानं तिच्यावर खडूनं 'सिक' असं लिहिलं, म्हणजे आजारी, आणि उरलेला जाडजूड खडू अप्पांच्या हातावर ठेवला. दुसरा माणूस आसाचं सामान घेऊन येईल तेव्हा येईल. तोवर आमच्या ओट्यासमोर, तुळशीच्या पलीकडे, तो मोठा आकडा दिवसरात्र उभा. ३००३१.

पळत्या गाडीत मी त्याला केव्हाच सोवळा म्हणून सोडून दिलं असतं. पण हा हलत नव्हता. दोन खात नाही, पाच खात नाही, बेरीज सात म्हणून तीनही नाही. बरं, एक काढून घेतला की ३००३०, आणि त्याच्यावर तर सगळे तुटून पडतात, दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. एवढे सहाजण एकाच ताटात जेवणारे मी दुसऱ्या कुठल्या वाघिणीवर पाहिले नव्हते. आणि एक वाढवला की सगळे हात धुऊन उठतात, प्रत्येकाला एकेकच उरतो. मला हे इतकं विलक्षण वाटलं की मी मंदाला ओढत नेऊन दाखवलं. मंदा म्हणाली, "पाच."

तात्यांची पुढची खेप आली तेव्हा ते ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. मी मुद्दाम विचारलं, "तात्या, ह्याला कोण खातं?" त्यांनी डोळे बारीक करून नंबर वाचून घेतला आणि तोंडातल्या तोंडात एकेक पाढा लावून बघायला सुरुवात केली. सतरा लावला, एकोणीस लावला, तेवीस, एकोणतीस. एक मालगाडी येऊन गेली तरी त्यांची बोटं पेरांवर फिरतच होती. शेवटी त्यांनी तंबाखू दाढेखाली धरली.

"न्हाई. तिसातला कुणी बी खात न्हाई. सोवळा हाय."

"तिसाच्या पुढचा खात असला तर?" मी विचारलं.

"तिसाच्या पुढं काय हाय? माळ हाय." तात्या स्वतःच्याच बोलण्यावर खूष होऊन हसले. "शके, ह्याला खानारा मला दाखीव. दाखवलास तर तुझ्या बापाला म्या सोता सांगतो, घाल हिला हायस्कुलात. न्हाई दाखवलास तर फुडच्या खेपंला खेडची मान्सं संगं घेऊन येतो. कबूल?"

मी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी झेंडी गुंडाळता गुंडाळता मान किंचित हलवली, हो की नाही ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी कबूल म्हणाले.

आमचे मास्तर सांगवीकडून सायकलनं शाळेत यायचे आणि बहुतेक रोज फाटक बंद असताना सापडायचे. दुसऱ्या दिवशी ते आडव्या बारच्या पलीकडे आणि मी अलीकडे, मधून गाडी चाललेली, असं आमचं बोलणं झालं. ते वाघिणीवरचा आकडा वाचत ओरडून म्हणाले, "मलाही ती मूळ संख्या असावी असंच वाटतंय गं. पण वाटून उपयोग नाही." मग गाडी गेली आणि त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ, खाणारे जोडीनं येतात. एक मोठा तर दुसरा लहान. दोघंही एकशे चौऱ्याहत्तर किंवा वरचे असले तर गुणाकार तीस हजार एकतीसच्या पुढे पळतो. म्हणजे लहान भाऊ एकशे त्र्याहत्तरच्या आतच सापडला पाहिजे. तिथपर्यंत नाही सापडला, तर कुठेच नाही."

"सगळे तपासायचे?" मी म्हटलं.

"छे. ज्यांना दुसरं कुणी खातं ते सोडून दे. चौतीस कशाला तपासतेस, दोन आधीच नापास झालाय." त्यांनी सायकल पुढे काढली आणि मागे वळून म्हणाले, "आणि नाहीच सापडला तरी मी बोलतो तुझ्या काकांशी." मास्तर बोलले असते, यात शंका नाही. तात्यांनी त्यांना मासवडी खायला घातली असती आणि स्थळ पक्कं केलं असतं.

पाटी लहान पडायला लागली तेव्हा मी तो रेल्वेचा खडू घेतला आणि वाघिणीच्याच अंगावर भागाकार मांडायला लागले. आस तापलेली वाघीण आणि तिच्या कुशीला उभी मी, तळपायाखाली खडी टोचतेय. एकतीसनं भागलं, तेवीस उरले. सदतीसनं चोवीस. एकेचाळीस, त्रेचाळीस, सत्तेचाळीस, प्रत्येक जण काही ना काही ताटात टाकून उठत होता. त्रेपन्नला तेहेतीस उरले तेव्हा मी खडू खाली ठेवला आणि मला रडू आलं. अजून एकशे त्र्याहत्तर फार लांब होता, आणि खेडची माणसं जवळ. अप्पा रुळावरून येताना थांबले, वाघिणीवरची आकडेमोड या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली आणि एवढंच म्हणाले, "दरवाज्यावर लिवू नगं, उघडताना पुसतं."

घरात आई परातीत बेसन कालवत होती. मी डोळे पुसत जवळ बसले. तिनं काय झालं विचारलं नाही, कुठपर्यंत आलीस ते विचारलं.

"त्रेपन्न झाले. आता एकोणसाठ. तो भागाकार किचकट आहे."

"मग साठ घे की. साठ सोप्पा."

"अगं, दोन खात नाही तर साठ कसा खाईल?"

"खाऊ दे नाय तर ऱ्हाऊ दे, मोजायला तर घे," आई म्हणाली. "साठ पाचशे वेळा म्हंजे किती?"

"तीस हजार."

"मग दर खेपंला एकेक जादा घेतला का न्हाई तू? पाचशे परत घे. वरचे तुझे एकतीस हायेतच."

पाचशे एकतीस. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं आणि आईच्या हाताकडे बघत राहिले. तिच्या बोटांना बेसन लागलेलं होतं. "साठ नव्वे पाचशे चाळीस," ती हळूच म्हणाली, "त्यातले नऊ काढ." पाचशे चाळिसातून नऊ गेले. पाचशे एकतीस. एकोणसाठ पाचशे वेळा आणि वर नऊ वेळा, आणि मागे काही म्हणजे काही उरत नव्हतं. मी धावत बाहेर गेले आणि वाघिणीवर सगळ्यांच्या खाली लिहिलं, ५९ गुणिले ५०९. मंदा कानाच्या पाळ्या धरून नमस्कार करायला लागली तेव्हा मी तिला सांगितलं की आता गरज नाही, हा सोवळा नव्हता. इतका आनंद मला पुढे दोनच वेळा झाला, आणि ती दोन्ही बाळंतपणं होती.

परवा नातवाला हा आकडा सांगितला. संत तुकाराम नगरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर सोफ्यात लोळत त्यानं फोनला विचारलं आणि मी पाणी प्यायला जाऊन येईतो उत्तर तयार. "एकोणसाठ आणि पाचशे नऊ, आज्जी. सोपं आहे." सोपं आहे हे मला मान्यच आहे. मी फक्त म्हटलं, आता एकोणसाठचा पाढा म्हणून दाखव. तो उठून चार्जर शोधायला गेला.

तर त्या खेपेला तात्या आले ते एकटेच आले. खेडची माणसं उद्या सकाळी यायची होती. वाघिणीचा आस दुरुस्त करून तिला त्याच दुपारी न्यायचं होतं, इंजिन लागायची वाट बघत ती अजून उभी होती. मी तात्यांना पाणी दिलं आणि तांब्या खाली ठेवायच्या आत सांगून टाकलं, "एकोणसाठ खातो."

तात्यांनी चूळ भरली. "एकोनसाठ? एकोनसाठचा पाढा हाय का कुटं?"

"नाही, पण..."

"पाढाच न्हाई तर खाईल कसा? तोंडच न्हाई त्याला." आणि ते अप्पांकडे बघून हसले. आज मुलं मला विचारतात, असं कसं कुणी म्हणेल? पण ज्यांनी पाढे जन्मभर तोंडानंच वापरले त्यांना म्हणता न येणारा पाढा हा पाढाच नव्हता. मी वाघिणीकडे बोट दाखवलं, गुणाकार दाखवला. "लिवायला काय, कुनी बी लिवल," तात्या म्हणाले. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी भिंतीला पाठ टेकून परवचेला बसतात तशी मांडी घालून बसले आणि डोळे मिटले.

"एकोणसाठ एके एकोणसाठ. एकोणसाठ दुणे अठरोदरसे. एकोणसाठ त्रिक सत्त्याहत्तर शंभर." इथवर बरं चाललं. चोक दोनशे छत्तीस, पंचे दोनशे पंच्याण्णव, सक तीनशे चोपन्न. आणि सत्ते म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकदम अंधार झाला. तेवढ्यात आतून, चुलीपासून, आईचा आवाज आला, "चारशे तेरा." आई थोरल्या दिरासमोर कधी बोलायची नाही, इतक्या वर्षांत तात्यांनी तिचा आवाज ऐकला असेल नसेल. तात्या दचकून दाराकडे बघायला लागले. आई थांबली नाही. आम्ही दोघी मिळून पुढे निघालो, अठ्ठे चारशे बहात्तर, आणि चाल इतकी पक्की बसली होती की तात्यांचं डोकं हलायला लागलं, ओठ हलायला लागले, आणि नव्वेला आम्ही तिघंही बरोबर होतो.

"पाचशे एकतीस," तात्या म्हणाले. मग पेरांवर अंगठा फिरवत त्यांनी पाचशे वेळा काढले, त्यात हे मिळवले, वाघिणीकडे पाहिलं, पुन्हा पेरांवर आले. "पाढ्यावानी लागतंय कानाला," ते हळू आवाजात म्हणाले. त्याच वेळी इंजिनानं धक्का दिला आणि ३००३१ आपल्या अंगावरची माझी सगळी आकडेमोड घेऊन पुण्याकडे हलली. अप्पा झेंडी घेऊन फाटकाकडे गेले. आतून मासवडीच्या फोडणीचा वास आला.

अप्पा परत आले तेव्हा तात्या उभे राहिलेले होते. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि मला म्हणाले, "हात कर फुडं." मी उजवा हात पुढे केला. त्यांनी त्यावर उपरणं टाकलं आणि खालून माझा हात धरला. तंबाखूचा आणि बैलांचा वास असलेला तो खरखरीत पंजा माझ्या पंजावर मिटला, पाच. सुटला. मग पुन्हा पाच, आणि लगेच वर चार बोटं.

"दादा, काय ठरलं?" अप्पांनी विचारलं.

"उपरन्याखालचं भायेर सांगत न्हाईत," तात्या म्हणाले. "उद्या हिला चिंचवडला घेऊन जा, नाव घाल. खेडच्या पाव्हण्यांना म्या सांगतो, पोरीचे पाढे पुरे व्हायचेत."

माझा हात अजून उपरण्याखालीच होता. पटलं तर तोच आकडा परत दाबायचा असतो, हे मला ठाऊक होतं. तात्यांची बोटं माझ्या मुठीत मावत नव्हती, म्हणून मी दुसरा हातही उपरण्याखाली घातला, आणि सगळा आकडा पुरा दाबला.